पाहिलेले आणि आठवलेले : प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराच्या स्मृतीविषयी

डोळे आणि कान यांत चार बोटांचे अंतर, ही म्हण मराठी माणूस लहानपणापासून ऐकत आलेला असतो. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीवर विसंबावे, असा तिचा रोख. न्यायदानाची पद्धतही पुष्कळ अंशी याच समजुतीवर उभी आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, म्हणजे पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानेच येऊन सांगितली पाहिजे, हे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे तत्त्व होते. त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. एखादी गोष्ट शाबीत होण्यास अमुक इतके साक्षीदार असलेच पाहिजेत, असे बंधन या दोहोंपैकी कोणत्याही कायद्याने घातलेले नाही. न्यायाधीशाचा विश्वास बसला तर एकट्या साक्षीदाराच्या शब्दावरही आरोपीस शिक्षा होऊ शकते.

डोळा आणि कान यांतील अंतर म्हणीने मोजून ठेवले. डोळा आणि स्मृती यांतील अंतर मोजण्याचे काम मात्र गेल्या सव्वाशे वर्षांत मानसशास्त्राने हाती घेतले, आणि ते चार बोटांहून बरेच अधिक भरते असे दिसून आले आहे.

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भनपुरी ही वस्ती लागते. आसपास कारखाने, लाकडाच्या वखारी आणि रस्त्यावर मालमोटारींची रीघ. अशा ठिकाणी दिवेलागणीच्या वेळी एका ट्रकचा आणि सायकलस्वाराचा अपघात झाला, अशी कल्पना करावी. पानाच्या टपरीवर उभा असलेला एक मनुष्य, पाळी संपवून घरी निघालेला एक कामगार, बसची वाट पाहणारे एक मराठी शिक्षक आणि मागच्या वाहनाचा चालक असे चौघे साक्षीदार आहेत. चौघेही प्रामाणिक आहेत आणि चौघांचेही आरोपीशी वैर वा नाते नाही. तरीसुद्धा या चौघांपैकी बहुधा तिघांनी अपघात पाहिलेलाच नसतो. आदळल्याचा आवाज झाला, म्हणून त्यांनी मान वळवली. तेव्हा त्यांच्या दृष्टीस पडली ती आडवी झालेली सायकल आणि थांबलेला ट्रक. अगोदर काय घडले असेल हे मनाने त्या क्षणी जुळवले, आणि तासाभराने ते जुळवलेले आणि पाहिलेले यांतील सांधा त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात राहिला नाही. पोलीस येईपर्यंतच्या अर्ध्या घटकेत चौघे एकमेकांशी बोलले. ज्याने प्रथम आणि ठासून सांगितले त्याचे म्हणणे इतरांच्या आठवणीत झिरपले. अशा रीतीने चार स्वतंत्र साक्षी म्हणून जे न्यायालयापुढे येते, ते मुळात एकाच साक्षीचे चार पाठ असू शकतात.

येथे कोणीही खोटे बोललेले नाही. खोटे बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत अडखळतो. ज्याची स्मृतीच बदलली आहे तो अडखळत नाही, कारण त्याच्या लेखी तो खरेच सांगत असतो. उलटतपासणीचे शस्त्र पहिल्यासाठी घडवलेले आहे, दुसऱ्यापुढे ते बोथट ठरते.

मनाच्या जवळच्या वाटा

स्मृती म्हणजे छायाचित्रांची पेटी नव्हे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे प्रथम सविस्तर दाखवले. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक अपरिचित लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांस वाचावयास दिली आणि काही काळाने, पुन्हा आणखी काही काळाने, ती लिहून काढावयास सांगितली. प्रत्येक वेळी कथा आखूड होत गेली आणि अधिकाधिक इंग्रजी होत गेली. त्यातील लहान डोंगीची साधी नाव झाली, सील माशाच्या शिकारीऐवजी मासेमारी आली, भुतांचा न समजणारा भाग गळून पडला अथवा सरळ करण्यात आला. वाचकांनी कथा आठवली नव्हती. आठवणीच्या चार तुकड्यांभोवती त्यांनी ती नव्याने बांधली होती, आणि बांधकामास लागणारे सामान स्वतःच्या घरचे वापरले होते.

हे घरचे सामान म्हणजेच पूर्वानुभव आणि पूर्वग्रह. जगातील प्रत्येक गोष्टीचा मुळापासून विचार करीत बसण्यास मनुष्यास सवड नसते; म्हणून मन जवळच्या वाटेने जाते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वेर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात अशा तीन वाटांचे वर्णन केले. जे चटकन आठवते ते वारंवार घडत असावे असे मानणे, ही एक. जे नमुन्याशी जुळते ते त्या नमुन्यापैकीच असावे असे मानणे, ही दुसरी. प्रथम कानी पडलेल्या आकड्यापाशी खुंटा रोवून तेथूनच पुढचा अंदाज बांधणे, ही तिसरी. रोजच्या व्यवहारात या वाटा मुक्कामाला पोहोचवतात. त्यांना सरसकट दोष देणे गैर होईल. ‘ट्रकवाले बेफाम हाकतात’ हे ज्याच्या मनात अगोदरच ठसलेले आहे, त्याला ट्रकचा वेग आठवतो तोही बेफाम आठवतो. आणि सायकलस्वार दिव्याविना होता की नाही, हे त्याला आठवतच नाही, कारण नमुन्यात त्या तपशिलाला जागा नसते.

घटना घडत असतानाच निरीक्षण किती तुटपुंजे असते, हे बर्लिनमध्ये १९०१ साली कायद्याचे अध्यापक फ्रान्झ फोन लिस्ट यांनी आपल्या वर्गात दाखवले. व्याख्यान चालू असता दोन विद्यार्थ्यांत वाद जुंपला, शब्दाने शब्द वाढला आणि एकाने पिस्तूल बाहेर काढले. हा सारा प्रकार अगोदर ठरवलेला होता. उपस्थितांकडून हकिगत लिहून घेतली तेव्हा ज्याच्या चुका सर्वांत कमी भरल्या त्याच्याही हकिगतीतील सुमारे २६ टक्के विधाने चुकीची निघाली. काहींच्या बाबतीत हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत गेले. हे सर्वजण भावी वकील आणि न्यायाधीश होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

एका क्रियापदाचा परिणाम

घटनेनंतर स्मृतीत बाहेरून जे शिरते त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये केला. ४५ विद्यार्थ्यांना मोटारअपघाताच्या लहान चित्रफिती दाखवण्यात आल्या आणि मोटारींचा वेग विचारण्यात आला. प्रश्न एकच, फक्त क्रियापद निरनिराळे. मोटारी एकमेकींस ‘लागल्या’ अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरला तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे ३२ मैल आले. ‘आदळून चुराडा झाला’ अशा अर्थाचा शब्द वापरला तेव्हा सुमारे ४१ मैल. दुसऱ्या एका प्रयोगात १५० विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर पुन्हा विचारले, फुटलेली काच पाहिली काय? चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. तरी चुराड्याचा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी ती पाहिल्याचे सांगितले. साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी केवळ ७ जणांनी. वेगाचा अंदाज वाढला येथवर त्या शब्दाने केवळ उत्तर ओढले, असे म्हणता येईल. परंतु न फुटलेली काच दिसू लागली, याचा अर्थ शब्द स्मृतीच्या आत जाऊन बसला.

हा प्रयोग इंग्रजीत झाला असला तरी त्याचे मर्म भनपुरीसारख्या ठिकाणी अधिकच जाणवावे. साक्षीदार छत्तीसगढीत सांगतो, किंवा शिक्षक असतील तर मनातल्या मनात मराठीत आठवून हिंदीत बोलतात. जबानी लिहून घेणारा ती ठाण्याच्या हिंदीत उतरवतो. सायकलला ट्रक ‘घासला’, ‘लागला’, ‘धडकला’ आणि ‘आदळला’ हे मराठीत चार वेगळे अपघात आहेत. हिंदीत ‘टकरा गया’ आणि ‘ठोक दिया’ यांत दोषाची दिशा बदलते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील ‘रौंदा’ हा शब्द तर निकालच देऊन मोकळा होतो. साक्षीदाराची जबानी महिन्यांनी, कित्येकदा वर्षांनी, न्यायालयात तपासली जाते. तोवर त्याला स्वतःचे मूळ शब्द आठवत नाहीत. लिहिले गेलेले शब्द तेवढे आठवतात. साक्षीदारास त्याच्याच पक्षाच्या वकिलाने उत्तर सुचवणारे, म्हणजे सूचक, प्रश्न सरतपासणीत विचारू नयेत, असा कायद्याचा नियम आहे आणि तो सुज्ञ आहे. मात्र हा नियम न्यायालयाच्या दालनात लागू होतो, आणि सूचना बहुधा दालनाबाहेर, पहिल्याच दिवशी होऊन गेलेली असते.

चेहऱ्याची ओळख

अपघाताच्या वेगात चूक झाली तर नुकसानभरपाईचा आकडा बदलतो. चेहरा ओळखण्यात चूक झाली तर मनुष्य फाशीच्या दोरापर्यंत पोहोचतो.

लंडनमध्ये १८९६ साली ॲडॉल्फ बेक नावाच्या गृहस्थास अनेक स्त्रियांनी एकापाठोपाठ एक, आपल्याला फसवून दागिने लांबवणारा भामटा म्हणून ओळखले. त्याने सात वर्षांची शिक्षा झाल्यावर पाच वर्षे तुरुंगात काढली. १९०४ मध्ये तशाच आरोपावरून, तशाच ओळखीवर, तो पुन्हा दोषी ठरला. त्यानंतर खरा भामटा सापडला. एवढ्या स्त्रिया चुकतील कशा, हा युक्तिवाद त्या वेळी बिनतोड वाटला होता. या प्रकरणाच्या धक्क्याने १९०७ मध्ये इंग्लंडात फौजदारी अपील न्यायालय स्थापन झाले. अमेरिकेत १९८९ ते २०२० या काळात डीएनए तपासणीने ३७५ जण निर्दोष ठरले, आणि त्यांपैकी सुमारे ६९ टक्के प्रकरणांत साक्षीदाराने चुकीचा मनुष्य ओळखलेला होता.

चुकीची कारणे अनेक आहेत. समोर शस्त्र असेल तर नजर शस्त्रावर खिळते आणि चेहरा नीट पाहिला जात नाही. आपल्याहून वेगळ्या वंशाच्या लोकांचे चेहरे ओळखताना अधिक चुका होतात, हे १९६९ पासूनच्या प्रयोगांत वारंवार आढळले आहे. कधी चेहरा ओळखीचा असतो, पण तो कोठे पाहिला ते मनातून पुसले जाते. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉमसन यांना १९७० च्या दशकात एका अत्याचारपीडित स्त्रीने आरोपी म्हणून ओळखले; प्रत्यक्षात हल्ल्याच्या वेळी ते दूरचित्रवाणीवर थेट कार्यक्रमात बोलत होते, आणि त्या स्त्रीने हल्ल्यापूर्वी तो चेहरा पडद्यावर पाहिला होता. तो कार्यक्रम साक्षीदारांच्या स्मृतीविषयीच होता, हा योगायोग कादंबरीत लिहिला तर कोणी मानणार नाही.

यांहून सूक्ष्म कारण ओळखपरेडीच्या रचनेतच दडलेले आहे. रांगेत उभ्या असलेल्या माणसांतून साक्षीदार आपल्या आठवणीतील मनुष्य शोधतो, असे मानले जाते. वस्तुतः तो पुष्कळदा रांगेतील माणसांची आपसांत तुलना करून आठवणीशी सर्वांत मिळताजुळता निवडतो. गॅरी वेल्स यांनी १९९३ मध्ये बनावट चोरीच्या २०० साक्षीदारांवर हे तपासले. चोराचे छायाचित्र संचात असताना ५४ टक्के लोकांनी त्याला बरोबर ओळखले आणि २१ टक्के लोकांनी कोणालाच निवडले नाही. चोराचे छायाचित्र काढून घेतले आणि त्याच्या जागी दुसरे ठेवले नाही. आता ५४ आणि २१ मिळून सुमारे ७५ टक्के लोकांनी ‘यांत तो नाही’ असे म्हणावयास हवे होते. तसे केवळ ३२ टक्के लोकांनी म्हटले. उरलेल्यांनी दुसऱ्या कोणाकडे तरी बोट दाखवले. खरा मनुष्य रांगेत नसेल तेव्हा त्याच्याशी त्यातल्या त्यात सारखा दिसणारा धोक्यात येतो तो असा.

आणि एकदा बोट दाखवले की स्मृती त्या चेहऱ्याभोवती पुन्हा बांधली जाते. १९९८ च्या एका प्रयोगात वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी चुकीचा मनुष्य निवडणाऱ्यांना ‘छान, तुम्ही संशयितालाच ओळखलेत’ एवढेच सांगितले. त्यानंतर ते लोक आपण पहिल्यापासून ठाम होतो असे सांगू लागले. एवढेच नव्हे, तर गुन्हेगार आपल्याला स्पष्ट दिसला होता आणि आपण बारकाईने पाहिले होते, असेही म्हणू लागले. म्हणून न्यायालयात दिसणारा साक्षीदाराचा ठामपणा हा फारच थोडा उपयोगी आहे. पहिल्या ओळखीच्या क्षणी असलेला ठामपणा मात्र वेगळा. रांग निर्दोष रीतीने मांडली असेल आणि कोणी काही सुचवले नसेल, तर त्या पहिल्या क्षणीचा ठामपणा अचूकतेचा बराच चांगला निदर्शक असतो, असे जॉन विक्स्टेड आणि वेल्स यांनी २०१७ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले. साक्षीदाराची स्मृती मुळातच निरुपयोगी, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो या संशोधनाचा विपर्यास होय. घटनास्थळावरील पावलांच्या ठशाप्रमाणे ती आहे. पहिल्यांदा पाहावी तेव्हा तीत पुरावा असतो, दहा जण चालून गेल्यावर नसतो.

हा फरक किती जीवघेणा ठरू शकतो याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ पेरूच्या बागेतील एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा जीव गेला, स्त्रियांवर अत्याचार झाले. वाचलेल्यांत एक स्त्री होती. पुढे भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना अटक झाली, आणि प्रत्यक्षदर्शींच्या साक्षीवर नाशिकच्या न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना देहान्ताची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस फाशी ठरवली. तीन न्यायालयांनी साक्ष तपासली आणि तिन्ही ठिकाणी ती विश्वसनीय ठरली.

पुनर्विलोकनात प्रकरण पुन्हा उघडले गेले, तेव्हा त्याच कागदपत्रांतील एक गोष्ट निर्णायक ठरली. घटनेनंतर काही दिवसांतच, आठवण ताजी असताना, त्या स्त्रीला पोलिसांच्या दप्तरातील गुन्हेगारांची छायाचित्रे दाखवण्यात आली होती आणि तिने त्यांतून चार जणांना ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्यांच्यावर खटला झाला नाही, आणि त्यांच्याविषयीचा तपास का सोडून देण्यात आला याचा उलगडा फिर्यादी पक्षाकडे नव्हता. पहिली ओळख एकीकडे आणि न्यायालयातील ओळख दुसरीकडे. दोन्ही एकाच डोळ्यांनी केलेल्या. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली, प्रत्येकास पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि तपासातील दोषी अधिकाऱ्यांचा शोध घेण्यास सांगितले. अटकेपासून तोवर सुमारे सोळा वर्षे लोटली होती.

त्या स्त्रीने पाहिलेले दृश्य ज्याच्यावर गुदरेल त्याच्याकडून बिनचूक आठवणीची अपेक्षा करणे हे क्रौर्य होईल. प्रश्न तिच्या सचोटीचा नाही. पहिली आठवण जपण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांचा आहे. आरोपी गरीब आणि भटक्या जमातीचे आहेत, व अशांना गंभीर गुन्ह्यांत गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, याची नोंदही न्यायालयाने घेतली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. नमुन्याशी जुळणाऱ्याला नमुन्यापैकी मानणारी मनाची जवळची वाट मात्र कायद्याने रद्द होत नाही, आणि ती साक्षीदाराप्रमाणे तपास करणाऱ्याच्या मनातूनही जाते.

संशोधनातून निघालेले उपाय साधे आणि स्वस्त आहेत. ओळखपरेड घेणाऱ्यास संशयित कोण हे ठाऊक असू नये, म्हणजे नजरेनेसुद्धा सूचना होणार नाही. खरा मनुष्य रांगेत नसेलही, असे साक्षीदारास आधी सांगावे. रांगेतील इतर माणसे साक्षीदाराने दिलेल्या वर्णनाशी जुळणारी असावीत. ओळख पटताच, कोणी काही बोलण्यापूर्वी, त्याची खात्री किती आहे हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. साक्षीदारांना परस्परांपासून दूर ठेवून प्रत्येकाकडून आधी अखंड हकिगत ऐकावी आणि प्रश्न नंतर विचारावेत. भारतात ओळखपरेडीत पोलिसांऐवजी दंडाधिकारी असतो आणि तिच्या विलंबाकडे न्यायालये संशयाने पाहतात, या दोन्ही गोष्टी या दिशेच्याच आहेत. पोलिसांसमोरील जबानी ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ च्या दुरुस्तीने आली होती आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. परंतु ती मुभा आहे, सक्ती नव्हे. जेथे ती वापरली जाते तेथे साक्षीदाराने छत्तीसगढीत, हिंदीत वा मराठीत प्रथम उच्चारलेले क्रियापद, त्याच्या आधी विचारलेल्या प्रश्नासकट, न्यायाधीशास जसेच्या तसे ऐकावयास मिळते.